शकुंतला : यवतमाळच्या नॅरोगेज लाइनचा इतिहास

यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज लाइन आणि मूर्तिजापूरहून उत्तरेला अचलपूरपर्यंत गेलेली सुमारे ७७ किलोमीटरची तिची जोडीदार, या दोन्ही मिळून वऱ्हाडात 'शकुंतला' या नावाने ओळखल्या जातात. दोन रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आजच्या जिल्हारचनेनुसार यवतमाळ, वाशीम, अकोला आणि अमरावती या चार जिल्ह्यांतून ती गेलेली आहे. तिच्याहून लांब आणि अवघड नॅरोगेज लाइनी देशात होत्या. शकुंतला वेगळी ठरली ती मालकीमुळे. देशातली रेल्वे सरकारची झाली, इंजिनांवर आणि डब्यांवर मध्य रेल्वेचे नाव आले, तरी या लाइनखालची मालमत्ता एका खासगी कंपनीच्याच नावावर राहिली. शंभर वर्षांतले तिचे चढउतार समजून घ्यायचे तर कापूस आणि करार या दोन गोष्टींपासून सुरुवात करावी लागते.

जुन्या वऱ्हाडाचे भूगोलाने तीन भाग पडतात : उत्तरेला मेळघाट, मध्ये पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट काळ्या मातीचा पायनघाट आणि दक्षिणेला बालाघाटाचा डोंगराळ उंच प्रदेश. यवतमाळ या तिसऱ्या भागात, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर वसले आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वेची भुसावळ–नागपूर लाइन १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, ती पायनघाटातून. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव, पुलगाव, वर्धा अशी ती यवतमाळ जिल्ह्याच्या उत्तरेकडून निघून गेली. इंजिनियरांच्या दृष्टीने तो सरळ हिशेब होता : सपाटीवर रूळ स्वस्तात बसतात. पण त्यामुळे घाटावरचा सारा मुलूख रेल्वेच्या नकाशाबाहेर पडला. पावसाळ्यात काळ्या चिखलाचे रस्ते बंद झाले की दारव्हा, दिग्रस, पुसद या भागांतल्या गावांचा बाहेरच्या बाजारपेठांशी संबंध जवळजवळ तुटत असे.

जिल्ह्याचे प्रशासनही पुष्कळ काळ अस्थिर होते. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. नंतर या भागाचा जो जिल्हा झाला तो वणीच्या नावाने ओळखला जाई. मुख्यालय मात्र यवतमाळला होते. १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले आणि १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडले गेले. १९०५ च्या पुनर्रचनेत वाशीम जिल्हा मोडला, त्यातला पुसद तालुका इकडे आला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. नव्या जिल्ह्याच्या मुख्य गावात त्या वेळी रेल्वे नव्हती. यवतमाळचे स्टेशन म्हणजे धामणगाव, २९ मैलांवरचे. यवतमाळहून तिथपर्यंत खडीचा पक्का रस्ता होता आणि जिल्ह्याचा बराचसा कापूस बंड्यांतून त्याच रस्त्याने उत्तरेला उतरत असे. भरलेल्या बंडीला एका फेरीत जायला आणि परतायला काही दिवस लागत. ऐन हंगामात शेतकऱ्याचे बैल आणि माणूस असे रस्त्यावर अडकून पडत आणि त्या दिवसांचे मोल कोणत्याही वहीत लिहिले जात नसे.

कापूस वऱ्हाडात फार जुना. बणी हा इथला नावाजलेला देशी वाण; त्याचा धागा मऊ आणि लांब असे. पण वऱ्हाडाच्या कापसाला जागतिक बाजारात ओढले ते अमेरिकेतल्या यादवी युद्धाने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि इंग्रज व्यापाऱ्यांचे डोळे वऱ्हाड–खानदेशाकडे वळले. मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी खास कापूस आयुक्त नेमला गेला. रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याचे नाव त्या खात्याशी जोडले गेले आहे. खामगावला मुख्य लाइनशी जोडणारा जलंबचा फाटा १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला, अमरावतीला बडनेऱ्याचा फाटा मिळाला. ही दोन्ही कापसाची मोठी बाजारगावे होती आणि मुख्य लाइनपासून फार दूर नव्हती. कारंजा, दारव्हा आणि यवतमाळ यांना मात्र आणखी चाळीस वर्षे थांबावे लागले.

मधल्या काळात बणी मागे पडून जाडा पण भरघोस उतारा देणारा जरी कापूस पसरला, जिनिंग-प्रेसिंगचे वाफेवर चालणारे कारखाने गावोगाव उभे राहिले आणि रेल्वेची मागणी आणखी ठाशीव झाली. जिनात सरकी वेगळी होते, प्रेसमध्ये रुई दाबून गाठ बांधली जाते. वऱ्हाडातली पक्की गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे पावणेदोनशे किलोंच्या आसपास. सुटा कापूस बंडीतून नेणे आणि अशा गाठी नेणे यांत फार फरक आहे. गाठीला थोडी जागा लागते, पण वजन भारी. तिला मालडबाच हवा. म्हणून प्रेस तिथे स्टेशन किंवा स्टेशन तिथे प्रेस असा मेळ वऱ्हाडात सगळीकडे बसत गेला.

शकुंतलेची जन्मदात्री सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी. ती १९१० मध्ये मुंबईच्या किलिक, निक्सन आणि कंपनीने उभारली. किलिक निक्सन ही १८५७ पासूनची मॅनेजिंग एजन्सी. दादरची कोहिनूर मिल तिच्या व्यवस्थापनाखाली होती. सुरतहून खानदेशात अमळनेरकडे जाणारी तापी व्हॅली रेल्वे आणि गुजरातेतली अहमदाबाद–प्रांतीज लाइन याही तिच्याच व्यवस्थापनाखाली होत्या. म्हणजे कापूस कुठे पिकतो, तो बंदरापर्यंत कसा जातो आणि त्या वाटेवर कुठे रूळ टाकले तर पैसा सुटतो, याचा या पेढीला चांगला अनुभव होता. तापी व्हॅलीने खानदेशात जे केले तेच लहान प्रमाणात वऱ्हाडात करायचे होते.

अशा पूरक लाइनींसाठी सरकारने एक खास पद्धत बसवली होती. भांडवल खासगी कंपनीने बाजारातून उभारायचे आणि लाइन बांधायची. गाड्या चालवण्याचे काम शेजारच्या मोठ्या रेल्वेने करायचे. फाट्यावरून मुख्य लाइनवर जो माल येईल त्याच्या मिळकतीतला काही वाटा भागधारकांना ठरावीक नफा मिळावा म्हणून कंपनीला परत मिळे. कंपनीकडे इंजिनांचा कारखाना, ड्रायव्हर, गार्ड असा मोठा लवाजमा असण्याची गरजच नव्हती. मुंबईच्या कचेरीत बसून हिशेब तपासणे आणि लाभांश वाटणे, एवढ्यावर काम भागे. यवतमाळच्या लाइनवर चालवणारी रेल्वे म्हणजे जीआयपी. कंपनीचा करार भारतमंत्र्यांशी झाला. मालक एक, चालवणारा दुसरा ही रचना त्या कराराने बसवली आणि पुढची शंभर वर्षे ती तशीच राहिली.

लाइनचे वय सांगताना १९०३, १९१३, १९१६ अशी वेगवेगळी वर्षे दिली जातात. १९०३ हे साल कंपनीच्या स्थापनेच्याही आधीचे असल्यामुळे ते जमत नाही. बांधणी १९१० नंतरची आणि वाहतुकीची सुरुवात पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे झालेली, हेच विश्वासार्ह आहे. नॅरोगेज निवडण्यामागे काटकसर होती. रुळांची रुंदी कमी म्हणजे भराव अरुंद, पूल हलके, रूळ हलके आणि वळणे तीव्र घेता येतात. घाटावर चढताना डोंगर फोडण्याऐवजी त्याला वळसा घालता येतो. मूर्तिजापूर सोडून गाडी कारंज्यावरून दारव्ह्याला येई. दारव्ह्याच्या स्टेशनाचे नाव मोतीबाग. पुढे लाडखेड, लासीना करत ती यवतमाळला पोहोचे. उत्तरेच्या फाट्यावर दर्यापूरसाठी बनोसा, मग अंजनगाव, पथ्रोट आणि शेवटी अचलपूर. याच कंपनीने वर्धा जिल्ह्यात पुलगाव–आर्वी हा ३५ किलोमीटरचा आणखी एक नॅरोगेज फाटाही बांधला. या सगळ्या लाइनी मुख्य मार्गाला काटकोनात येऊन मिळतात. एकमेकांशी गावे जोडणे हा त्यांचा हेतू नव्हता; कापूस मुंबईच्या दिशेला वळवणे हा होता. यवतमाळहून अमरावतीला किंवा नागपूरला जाणाऱ्याला या गाडीचा फारसा उपयोग नव्हता. उत्तर-पश्चिमेला मूर्तिजापूर गाठून पुन्हा पूर्वेकडे वळावे लागे.

नॅरोगेजची स्वस्ताई एका ठिकाणी महाग पडे, ते ठिकाण मूर्तिजापूर. इथे अरुंद रुळांवरचा डबा मोठ्या लाइनवर जाऊ शकत नाही. प्रत्येक गाठ हमालांनी एका डब्यातून काढून दुसऱ्यात रचावी लागे. येणारे मीठ, कापड, लोखंड, रॉकेल आणि दुष्काळात येणारे धान्य उलट दिशेने असेच खांद्यावरून चढे. बंडी हाच पर्याय होता तोवर हा खर्च कोणाला जड वाटला नाही. मूर्तिजापूर या गावाला तर त्यानेच जंक्शनची ओळख आणि रोजगार दिला. लाइनच्या इंजिनांचे शेडही तिथेच होते.

कारंजा (लाड) हे या लाइनवरचे सर्वांत भरभराटीचे गाव म्हणता येईल. जुन्या सावकारीचे, व्यापाऱ्यांचे, जैन मंदिरांचे आणि कापसाच्या बाजाराचे हे गाव. शिवाय नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांचेही. उत्तरेला अंजनगाव सुर्जी : १८०३ चा शिंदे–इंग्रज तह जिथे झाला ते गाव, पुढे विड्याच्या पानांसाठी आणि पानपिंपळीसाठी प्रसिद्ध. अचलपूर म्हणजे इमादशाहीची राजधानी. मुख्य लाइनच्या बाजूला पडलेली ही सारी जुनी गावे शकुंतलेने एका सुतात ओवली, म्हणून तिच्याकडे केवळ कापसाचा फाटा म्हणून पाहणे अपुरे आहे.

१९३१ च्या सुमारास दारव्ह्याहून दिग्रसमार्गे पुसदकडे आणखी एक नॅरोगेज फाटा सुरू झाला. पुसद हा पैनगंगेच्या बाजूचा, जंगलाने वेढलेला तालुका. १९३० च्या जुलैमध्ये लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसदला झालेल्या जंगल सत्याग्रहामुळे त्याचे नाव देशभर पोहोचले होते. पण या फाट्याचे आयुष्य फार थोडे ठरले. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला रुळांची आणि लोखंडाची गरज पडली तेव्हा कमी मिळकतीच्या अनेक लाइनी उखडल्या गेल्या; दारव्हा–पुसद त्यांतली एक. युद्ध संपल्यावर रूळ परत आले नाहीत. पुसद तालुक्याने पुढे वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री महाराष्ट्राला दिले, तरी त्या गावाला गाडी पुन्हा दिसली नाही. शकुंतलेच्या इतिहासातला हा सर्वांत कमी सांगितला गेलेला आणि सर्वांत बोलका भाग आहे.

दरम्यान चालवणारी रेल्वे बदलत गेली. १ जुलै १९२५ रोजी जीआयपी सरकारी व्यवस्थापनाखाली आली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ती मध्य रेल्वेत विलीन झाली. संस्थानांच्या आणि कंपन्यांच्या बहुतेक लाइनी त्या काळात राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, पण सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या लाइनी तशाच राहिल्या. जुन्या कराराची मुदत ठरावीक काळाने वाढवली जाई, गाड्या मध्य रेल्वेचा भुसावळ विभाग चालवी आणि कंपनीला तिचा वाटा देणे लागे. अलीकडच्या वर्षांत या वाट्याचा आकडा वर्षाला सुमारे सव्वा कोटी रुपये असल्याचे वृत्तपत्रांतून वारंवार छापून आले. तो वेळेवर मिळत नसल्याच्या कंपनीच्या तक्रारीही छापून आल्या. यातूनच भारत अजून एका ब्रिटिश कंपनीला रेल्वेचे भाडे देतो अशी चटकदार कथा पसरली. ती तपासून पाहायला हवी. पेढी स्थापणारे इंग्रज होते, परंतु ती मुंबईची होती आणि स्वातंत्र्यानंतर किलिक निक्सन भारतीय उद्योजकांच्या हातात गेली. परदेशी खंडणीच्या या कथेमुळे खरा प्रश्न झाकला गेला.

खरा प्रश्न गुंतवणुकीचा होता. मालक कंपनीला लाइनवर नवे भांडवल घालण्यात रस नव्हता. तिचे उत्पन्न जुन्या कराराने ठरलेले होते. मध्य रेल्वेला दुसऱ्याच्या मालमत्तेवर रूळ, स्लीपर, पूल बदलण्याचा मोठा खर्च करण्याचे कारण नव्हते. दोन्ही बाजूंचे वागणे हिशेबाला धरून होते आणि दोन्हींचा परिणाम एकच झाला : लाइन जशी बांधली गेली तशीच झिजत राहिली. देशात गेजबदलाच्या मोहिमा आल्या, शेकडो किलोमीटरच्या मीटरगेज लाइनी रुंद झाल्या, पण शकुंतलेचा प्रस्ताव दर वेळी मालकीपाशी येऊन अडे.

कापूसही तिला सोडून गेला. ट्रक आल्यावर गाठ जिनातून उचलून थेट गिरणीत किंवा बंदरावर नेता येऊ लागली. मूर्तिजापूरची चढउतार वाचली, वेळ वाचला, गाठी फाटण्याचे नुकसानही टळले. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, खरेदी पणन महासंघाच्या केंद्रांवर होऊ लागली आणि या केंद्रांची सगळी ने-आण रस्त्यानेच होई. ज्या मालासाठी ही लाइन टाकली तो माल तिच्यावरून नाहीसा झाला. व्यापारी तर्काने तिने तेव्हाच थांबायला हवे होते.

ती थांबली नाही, याचे श्रेय प्रवाशांना. एसटीच्या निम्म्याहून कमी भाड्यात गाडी गावाच्या शिवारात उतरवत असे. मजूर, बाजारहाट करणाऱ्या बाया, शाळा-कॉलेजची मुले, भाजीच्या टोपल्या, दुधाच्या कॅना, गवताचे भारे असा तिचा संसार होता. वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास. यवतमाळ ते मूर्तिजापूर जायला निदान सहा तास लागत. काही स्टेशनांवर माणूसच उरला नव्हता. तिथे गार्ड तिकिटे देई, बरोबरचा कर्मचारी उतरून फाटक बंद करी, गाडी पुढे गेली की फाटक उघडून पुन्हा डब्यात चढे. इंजिन जोडणे-सोडणे, सिग्नल पाहणे, तिकीट विकणे ही सारी कामे मूठभर लोकांनी वाटून घेतलेली होती. इतक्या तुटपुंज्या साधनांवर या कर्मचाऱ्यांनी ती दशकानुदशके चालती ठेवली आणि तिच्या इतिहासात त्यांचे स्थान कंपनीच्या संचालकांच्या वर आहे.

वाफेचे इंजिन हा या लाइनचा सर्वांत प्रसिद्ध अवशेष. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले आणि १९२३ पासून इथे धावलेले इंजिन सत्तर वर्षे गाडी ओढत होते. १५ एप्रिल १९९४ रोजी ते काढून डिझेल इंजिन लावले गेले. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे नेण्यासाठी टाकलेल्या लाइनवर मँचेस्टरचे इंजिन धावावे, हा योगायोग नाही. रूळ, इंजिने आणि सिग्नल विलायतेतून यायचे आणि कापूस बंदराकडे जायचा, या एकाच व्यापाराच्या त्या दोन बाजू होत्या. डिझेल आल्याने कोळसा-पाण्याची खटपट संपली, पण वेग वाढला नाही, कारण अडचण इंजिनात नव्हती. खालच्या रुळांत आणि स्लीपरांत होती.

कराराची शेवटची मुदतवाढ २००६ मध्ये संपल्याचे सांगितले जाते. त्यानंतर लाइन कायद्याच्या दृष्टीने आणखी धूसर अवस्थेत गेली. गाडी कधी पावसाने वाहून गेलेल्या भरावामुळे बंद पडे, कधी दुरुस्तीसाठी, आणि दर वेळी ती पुन्हा सुरू होईल की नाही याची खात्री नसे. २०१४ नंतरच्या काही वर्षांत यवतमाळची सेवा थांबली आणि पुढे अचलपूरकडचीही. अंजनगाव, अचलपूर, दर्यापूर, कारंजा या गावांत शकुंतला वाचवण्यासाठी समित्या झाल्या, धरणी झाली, निवेदने दिली गेली. रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात संपूर्ण लाइन ब्रॉडगेज करण्याची घोषणा झाली आणि त्यासाठी १,५०० कोटी रुपयांचा आकडा पुढे आला. जागा आणि रूळ नक्की कोणाकडून, कोणत्या किमतीला घ्यायचे, हा प्रश्न मात्र त्या घोषणेने मिटला नाही.

या काळात यवतमाळसाठी दुसरी रेल्वे वेगळ्या दिशेने येऊ लागली होती. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा ब्रॉडगेज मार्ग २००८–०९ च्या सुमारास मंजूर झाला. भूसंपादन, जंगल, घाटातले बोगदे आणि पूल यांमुळे काम लांबत गेले. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी यवतमाळच्या कार्यक्रमातून त्याच्या वर्धा–कळंब या पहिल्या टप्प्यावरची गाडी रवाना केली. कळंब हे यवतमाळ जिल्ह्यातले गाव. हा मार्ग पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, हदगाव असा नांदेडला जायचा आहे. म्हणजे महायुद्धात उखडलेल्या दारव्हा–पुसद फाट्याची गावे त्यात पुन्हा येतात. नव्या लाइनची दिशाही जुन्या लाइनपेक्षा शहाणी आहे : मराठवाडा आणि विदर्भ यांना ती सरळ जोडते, मुख्य लाइनला माल नेऊन सोडणारा फाटा म्हणून ती आखलेली नाही.

कारंजा मात्र त्या मार्गावर नाही. दारव्हा ते मूर्तिजापूर हा जुना टप्पा आणि त्यापुढचा दर्यापूर–अंजनगाव–अचलपूर पट्टा त्याच्या बाहेरच राहतो. या गावांना शकुंतलेच्याच भरावावरून, रुंद रुळांवर गाडी मिळावी, अशी मागणी तिथले लोक आजही करत आहेत.